टस्कनीतल्या वायनऱ्या: एक बागायतदार, एक माळकरी आणि आम्ही

इटलीतल्या टस्कनीची सहल ठरली तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाइनमधलं काही कळत नव्हतं. निफाडच्या बागायतदार मित्राला द्राक्षातलं कळत होतं, पण ते थॉम्पसनचं, खायच्या द्राक्षाचं. मी आणि बायको नाशिकला राहत असल्यामुळे पाहुणे आले की गंगापूर धरणाकडच्या वायनरीत त्यांना घेऊन जायचो, एवढीच आमची पात्रता. चौथी त्या बागायतदाराची बायको, म्हणजे आमच्या वहिनी; पाचवा आमचा कॉलेजचा पुण्याचा मित्र. तो माळकरी आहे, दारूला शिवत नाही. "मी येतो, गाडी मी चालवणार, तुम्ही काय प्यायचं ते प्या," असं तो म्हणाला आणि सहलीचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. असा एक माणूस गटात नसेल तर काय करायचं ते पुढे सांगतो.

तारखा ठरवताना तीन पंचांगं जुळवावी लागली. तिकडची तोडणी सप्टेंबरात सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, आणि बागायतदाराला तीच पाहायची होती. पण इकडे त्याची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरात. गणपती सोडून कुणी निघणार नव्हतं. २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. आणि माझ्या आईची अट: "पितृपक्षात जाताय ते जा, पण सर्वपित्रीला पान वाढायला घरात हवास." सर्वपित्री २ ऑक्टोबरला. म्हणून २१ सप्टेंबरला निघायचं आणि १ ऑक्टोबरला परत, असं मार्चमध्येच पक्कं झालं.

शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेल्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. कागदावर हे फार सोपं वाटतं. खरी अडचण मुंबईच्या व्हिसा केंद्रातली वेळ मिळण्याची. जूनअखेरीपासून रोज सकाळी चहाबरोबर संकेतस्थळ उघडायचं, पाच जणांच्या जागा एकदम दिसतात का पाहायचं आणि बंद करायचं, असा नेम झाला होता. अखेर १६ जुलैची वेळ मिळाली. फी ११ जून २०२४ पासून ८० युरोंची ९० झाली होती, म्हणजे तेव्हाच्या दराने माणशी आठ हजारांच्या वर, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विम्यात निदान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं. तो आकडा पॉलिसीच्या कागदावर स्पष्ट छापलेला असू द्या.

नोकरदारांच्या फायलीत फार काही नसतं: पगाराच्या स्लिपा, आयकर विवरणपत्रं, बँकेचा शिक्का मारलेलं खातेपत्रक, रजेचं पत्र, राहण्याची आणि विमानाची बुकिंग, दिवसवार कार्यक्रम. शेतकऱ्याची फाइल मात्र जरा वेगळी बांधावी लागते, आणि त्याबद्दल कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही म्हणून सविस्तर सांगतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्रात आकडा छोटा दिसतो. त्यात द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिल येतात; जुलैत मागचे तीन महिने काढले तर खात्यातून फक्त औषधं, मजुरी आणि खताचे पैसे जाताना दिसतात. म्हणून आम्ही त्याचं पूर्ण वर्षाचं खातेपत्रक लावलं. सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडलं. व्यापाऱ्याच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या पावत्या, जोडल्या आणि एक पानी पत्रात सरळ लिहिलं की बागेचा हंगाम असा असतो, पैसे या महिन्यांत येतात, आणि ऑक्टोबरात छाटणी असल्यामुळे मला परत यावंच लागतं. परत येण्याचं याहून भक्कम कारण आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं.

कार्यक्रमाच्या कागदावर वायनऱ्यांची नावं लिहावीत की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. एका ओळखीच्या एजंटाचं मत होतं की दारूचा उल्लेख नको. आम्ही लिहिली. खिडकीवरच्या मुलीने बोटांचे ठसे घेतले, कागद क्रमाने लावले आणि "पाचही जण एकत्र का?" एवढंच विचारलं. चौघांचे पासपोर्ट ६ ऑगस्टला आले, बागायतदाराचा आणखी आठवड्याने. त्या आठवड्यात त्याचे रोज तीन फोन. व्हिसा मिळाला तो प्रवासाचे दिवस आणि वर थोडी सवड, इतकाच.

माळकऱ्याला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढायचा होता, कारण इटलीत आपल्या परवान्याबरोबर तो लागतो. परिवहन पोर्टलवर अर्ज, १,००० रुपये फी, पासपोर्ट-व्हिसा-तिकिटाच्या प्रती, आणि मग पुण्याच्या आरटीओत एक चक्कर. तो एक वर्ष चालतो. मूळ परवानाही खिशात हवाच. गाडी भाड्याने घेताना क्रेडिट कार्ड चालवणाऱ्याच्याच नावावर लागतं, बायकोचं किंवा मित्राचं चालत नाही. हे तिकडच्या काउंटरवर कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. पाच माणसं आणि पाच बॅगा म्हणजे सात आसनी गाडी, आणि ऑटोमॅटिक हवी असेल तर भाडं चांगलंच चढतं.

या सगळ्याच्या बरोबरीने वायनऱ्यांना मेल चालू होते. टस्कनीत, विशेषतः लहान कुटुंबाच्या वायनरीत, वाट वाकडी करून सहज डोकावलं असं चालत नाही; वेळ ठरवूनच जायचं. तोडणीच्या दिवसांत तर काही जण सरळ नाही म्हणतात. आम्ही दिवसाला दोनच ठरवल्या, एक सकाळी साडेदहाला आणि एक दुपारी साडेतीनला. चार-चार वायनऱ्या करणारे गट तिकडे दिसले. तिसऱ्या ठिकाणी त्यांना काय चव लागत असेल ते त्यांनाच ठाऊक. साधारण दर माणशी २५ ते ५० युरो होता, त्यात चार-पाच वाइन, पाव, चीज आणि ऑलिव्हचं तेल. रद्द करायचं तर ४८ तास आधी कळवा, असं बहुतेकांनी लिहिलं होतं. रविवारी बरीच ठिकाणं बंद असतात.

२२ तारखेला रोम, तिथून रेल्वेने फ्लोरेन्स. गाडी आम्ही मुद्दाम शहरात न घेता दुसऱ्या दिवशी ट्रामने विमानतळावर जाऊन घेतली. इटलीतल्या जुन्या शहरांच्या गाभ्यात झेडटीएल नावाचा भाग असतो. तिथे परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी महिन्यांनी घरी येते, वर गाडी कंपनीचं शुल्क वेगळं. गावाबाहेर गाडी लावून चालत जायचं, हे सूत्र आम्ही शेवटपर्यंत पाळलं. पार्किंगच्या पांढऱ्या रेषा फुकट, निळ्या पैशाच्या, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत.

फ्लोरेन्सहून सिएनाकडे जाणारा २२२ क्रमांकाचा रस्ता म्हणजे कियांतिजाना. ग्रेव्हे, पांझानो, कास्तेल्लिना अशी गावं ओलांडत तो डोंगरांवरून वळत जातो. वेग विसरायचा. कियांती क्लासिको म्हणजे या दोन शहरांमधला पट्टा, आणि तिथली वाइनही त्याच नावाची. बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा असतो त्याची गोष्ट प्रत्येक जण सांगतो: दोन्ही शहरांनी हद्द ठरवायला पहाटे कोंबडा आरवताच एकेक स्वार सोडायचा ठरवलं. फ्लोरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो वेळेआधीच आरवला आणि त्यांचा स्वार पार सिएनाच्या जवळ पोचला. दंतकथाच, पण इतक्या ठिकाणी ऐकली की शेवटी वहिनी कोंबडा दिसला की आधीच हात जोडायच्या. कागदोपत्री इतिहासही जुना आहे. १७१६ मध्ये टस्कनीचा राज्यकर्ता तिसरा कोझिमो मेदिची याने फर्मान काढून या भागाची सीमा आखून दिली होती.

याच पट्ट्यातल्या राद्दा गावाजवळच्या एका शेतघरात मुक्काम होता, तिकडे त्याला अॅग्रितुरिस्मो म्हणतात. पोचताच पाचही पासपोर्ट मागून घेतले. पाहुण्यांची नोंद पोलिसांच्या यंत्रणेत ठरल्या वेळेत करणं मालकाला बंधनकारक असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पर्यटन कर रोख मागतात, सुटे युरो ठेवा.

२४ तारखेची पहिली वायनरी कुटुंबाची होती. मालकाची मुलगी दाखवत होती. आत शिरताच आंबल्याचा, यीस्टचा असा वास आला की बायकोने पदर नाकाला लावला. टाक्यांत रस उकळल्यासारखा वर येत होता, आणि झाकणातून वाकून पाहू नका, कर्बवायूने चक्कर येते, असं तिने दोनदा बजावलं. मग चार पेले मांडले गेले. माझ्या मनात इथे परीक्षेची भीती होती: काय बोलायचं, कसला वास आला म्हणायचं? तसं काही झालं नाही. तिने सांगितलं ते एवढंच: पेला देठाशी धरा, आधी न हलवता हुंगा, मग फिरवून हुंगा, घोट तोंडात घोळवा, आणि गिळा किंवा या भांड्यात टाका.

"भाऊजी, हे चारचौघांत थुंकायचं कसं हो?" वहिनींनी हळूच विचारलं. त्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण प्रश्न कळला. तिने स्वतः घोट घेऊन इतक्या सफाईने भांड्यात सोडला की पुढच्या पेल्यापासून वहिनींनी संकोच सोडला. आमच्यात शेवटपर्यंत ताजीतवानी राहिलेली व्यक्ती त्याच. खरं सांगायचं तर ही एक गोष्ट शिकलात की बाकीची सहल जमते. सकाळी पोटभर खाऊन जा, दोन पेल्यांमध्ये पाणी प्या, अंगाला अत्तर लावू नका.

इथली मुख्य द्राक्षाची जात सांजोवेजे. कियांती क्लासिकोमध्ये ती निदान ८० टक्के लागतेच. पहिल्या घोटाला मला ती आंबट आणि तुरट वाटली, नुसती पिकायला आलेल्या करवंदासारखी. तेल लावलेल्या पावाबरोबर तीच वाइन एकदम सौम्य झाली. "नुसती पिऊन मत देऊ नका," असं मुलगी म्हणाली ते पटलं.

माळकरी बाजूला बसला होता. त्याच्याकडून पैसे घेतलेच नाहीत. तिने सकाळीच तोडून चिरडलेल्या द्राक्षांचा रस पेल्यात आणून दिला. त्याने तीनदा विचारून घेतलं की हा आंबायला लागलेला नाही ना. मग अर्धा पेला प्यायला आणि आणखी मागितला.

पण खरी मजा झाली ती बागेत. बागायतदाराला टेस्टिंगच्या टेबलापेक्षा ओळींमध्ये जास्त रस. वेली ठेंगण्या, घड कमरेच्या खाली. त्याने खोड पाहिलं, माती हातात घेतली, चुरगळणारा दगड होता, त्याला तिकडे गालेस्त्रो म्हणतात. "ठिबक कुठंय?" हा त्याचा पहिला प्रश्न. नियमाप्रमाणे पाणी फक्त आणीबाणीत देता येतं, हे उत्तर. "एकरी किती काढता?" हेक्टरी साडेसात टन ही कियांती क्लासिकोची वरची मर्यादा, म्हणजे एकरी तीनच टन. आमच्याकडे एकरी दहा-बारा टनांचा हिशेब. तो गप्पच झाला. त्याहून जास्त घड आले तर ते उन्हाळ्यातच कापून जमिनीवर टाकतात, हे ऐकून तर त्याला राहवेना. "विरळणी आम्हीपण करतो, पण हे म्हणजे..." वाक्य त्याने पूर्ण केलं नाही. मग मुलीचे वडील आले. पानांवरचा निळसर डाग दाखवून आमच्या मित्राने "बोर्डो?" (मोरचूद-चुन्याची फवारणी) म्हटलं आणि दोघांची गाडी सुरू झाली. २०२३ मध्ये डाऊनी या बुरशीच्या रोगाने इटलीभर बागा झोडपल्या होत्या, तो सगळा राग त्या गृहस्थांनी हातवारे करून सांगितला. त्यांच्या कुंपणात वीज सोडलेली, रानडुकरांसाठी. आमच्या मित्राने फोनवर पोपटांचा आणि पक्षी-जाळीचा फोटो दाखवला. दीड तासाची भेट तीन तासांची झाली आणि दुपारची वायनरी आम्हाला फोन करून पुढे ढकलावी लागली. तसं वेळेत कळवलं की लोक समजून घेतात.

दुसऱ्या दिवशी पावसात ब्रोलियो. हा रिकासोली घराण्याचा किल्ला. इथल्या बेत्तीनो रिकासोलीने १८७२ मध्ये एका पत्रात कियांतीत कोणत्या द्राक्षांचं मिश्रण असावं ते लिहिलं. त्याआधी तो इटलीचा पंतप्रधान होता, पहिला पंतप्रधान काव्हूर याच्यानंतर लगेचचा. जागा मोठी, गर्दीही मोठी, दृश्य सुंदर. गप्पा मात्र लहान ठिकाणीच होतात.

२६ तारखेला एका वायनरीच्या माळ्यावर नेलं. तळघर पाहायला गेलेल्या माणसाला लाकडी जिन्याने वर चढवतात तेव्हा गंमत वाटते. विन सान्तो नावाची गोड वाइन तिथे मुरते. द्राक्षं तोडून काही महिने चटयांवर सुकवायची, मग रस छोट्या पिंपांत भरून पिंपं सीलबंद करायची आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवायची. हिवाळ्याची थंडी, उन्हाळ्याची भट्टी, सगळं त्या पिंपांनी सोसायचं. आमचा बागायतदार बेदाण्याचं शेड असलेला माणूस. सुकलेल्या द्राक्षाचा हा उपयोग त्याला अगदी घरचा वाटला. ही वाइन बदामाच्या कडक बिस्किटाबरोबर देतात.

२७ ला मोन्ताल्चिनोकडे निघालो. इथली ब्रुनेल्लो वाइन शंभर टक्के सांजोवेजेची. तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत ती विकता येत नाही, त्यातली निदान दोन वर्षं लाकडात. म्हणजे २०२४ मध्ये आमच्या पेल्यात २०१९ चं पीक होतं. पाच वर्षं भांडवल अडकवून ठेवायचं! बागायतदाराने याचं व्याज तोंडी काढायचा प्रयत्न केला. तेवढ्या वेळात पैसा फिरावा म्हणून तीच मंडळी लवकर तयार होणारी रोस्सो दी मोन्ताल्चिनोही करतात, आणि रोजच्या जेवणाला मला तरी तीच आवडली, निम्म्याहून कमी किमतीत. प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर सरकारी क्रमांकाची पट्टी असते.

२८ ला इंदिरा एकादशी आली. माळकऱ्याने पुण्याहून वरीचे तांदूळ आणि दाण्याचं कूट आणलं होतं. दुधातुपाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, म्हणून तूप नव्हतं. शेतघराच्या स्वयंपाकघरात वहिनींनी ऑलिव्हच्या तेलात भगर केली. घरमालकीण आजी येऊन चव घेऊन गेल्या आणि जाताना त्यांनी त्याच्यासाठी अंजिरं ठेवली. एरवी शाकाहाऱ्यांचे इथे हाल नाहीत. पाव आणि घेवड्याचं दाट सूप रिबोल्लिता, टोमॅटो-पावाचं पाप्पा, लसणाच्या रश्श्यातली पीची, म्हणजे जाड शेवयांसारखा पास्ता, सगळं मिळतं. पण सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का ते विचारायचं, आणि पेकोरिनो चीजमध्ये दूध घट्ट करायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, कडक पाळणाऱ्यांनी टाळायचं.

२९ ला रविवार, म्हणून मोन्तेपुल्चियानो राखून ठेवलं होतं. तिथली जुनी तळघरं गावातच, घरांच्या खाली खोदलेली आहेत आणि रविवारीही काही उघडी असतात. उतार मात्र गुडघ्यांची परीक्षा पाहणारा. गाडी खाली लावून चढावं लागतं.

आता गाडीचं. इटलीत रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, आणि परवाना तीन वर्षांहून नवा असेल तर शून्य. चार पेल्यांच्या टेस्टिंगनंतर मर्यादेत आहोत असं कुणीही ठरवू नये. गटात न पिणारा नसेल तर चालकासह गाडी मिळते, तिकडे तिला एनसीसी म्हणतात. दिवसाचे काहीशे युरो जातात, पण चौघा-पाचांत वाटले की परवडतात. महामार्गावर शिरताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे द्यायचे. नुसत्या पिवळ्या टेलिपास रांगेत घुसायचं नाही. पेट्रोल पंपावर 'सेल्फ' लिहिलेल्या नळीला स्वस्त पडतं.

खरेदीबद्दल. टेस्टिंगचे पैसे दिले की बाटली घेण्याची सक्ती नसते, कुणी तोंड वाकडं करत नाही. भारतात येताना माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर, आणि विन सान्तोची अर्ध्या लिटरची एक घेतली की हिशेब बरोबर दोन लिटरला बसतो. तीन मोठ्या बाटल्या घेतल्या की मर्यादा ओलांडली. फुगवायच्या प्लास्टिकच्या पिशव्या आम्ही नाशिकहून नेल्या होत्या, वर जाड कपडे. एका दुकानात ७० युरोंच्या वर खरेदी झाली तर कराचा परतावा मागता येतो. पासपोर्ट दाखवून तिथेच फॉर्म करून घ्यायचा आणि विमानतळावर बॅग देण्याच्या आधी कस्टम्सची नोंद करायची. मोन्ताल्चिनोच्या दोन ब्रुनेल्लोंवर, ९६ युरोंच्या खरेदीवर, मला अकरा युरो मिळाले आणि त्यासाठी रोमला पाऊण तास रांगेत गेला. ज्याचा त्याने विचार करावा.

आम्हा दोघांचा खर्च विमान, व्हिसा, विमा, राहणं, गाडीतला वाटा, खाणं आणि टेस्टिंग धरून साधारण साडेतीन लाखांच्या आसपास गेला. त्यात विमानाचं भाडंच एक लाख चोवीस हजार. टेस्टिंगचा भाग पंचावन्न हजारांच्या आत. जेवणं शेतघरात केल्यामुळे बरेच वाचले.

१ ऑक्टोबरला मुंबईत उतरलो, कस्टम्सच्या हिरव्या मार्गाने बाहेर आलो. कुणी अडवलं नाही, तरी बिलं हातात ठेवली होती. बागायतदार कसाऱ्याच्या घाटातच फोनवर छाटणीच्या मजुरांची टोळी ठरवत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, दोन ओळी एकरी तीन टनांच्या हिशेबाने धरून बघणार आहे. वहिनी मागून म्हणाल्या, "आधी कर्जाचा हप्ता भरा, मग दोन ओळी."